भाकर कवा टाकायची?

लोणावळ्याची प्रेरणा पयल्यांदा आमच्या लोहगडवाडीत आली ती पिठलं-भाकर खायला. खाल्ली आन् चुलीपाशीच बसली. "मावशी, भाकरी हातानंच का उलटता? आधी पाणी का लावता?" पोरगी हाय का चौकशीचं हापिस! पुण्याच्या कंपनीचं काम घरनं करती, फोनमधलं कायबी बनवती, असं कळलं. मी बरी सोडीन! म्हणलं, "या चंपामावशीला बी कायतरी बनवून दे."

आमी तीन घरांनी मिळून खानावळ काढल्याली. लोक गडावर चढताना जेवाण सांगून जात्यात, उतरल्यावर खात्यात. अंदाज हुकला की भाकरी वाया. आमच्यातली भाकरी थापणारी नंदाबाई म्हणलीच होती, "असंच चाललं तर मी निघाले." ती गेली की खानावळ बसली. तिच्यावानी भाकर कुणाची न्हाई.

"तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" प्रेरणानं इचारलं.

आता ते ठावं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं, बये?

"मग थोडंथोडं करून बघू," म्हणली.

पयल्या रविवारी फोनवर नुसतं जेवाण सांगायचं बटण. लोकांनी दाबलं, आमचा फोन वाजला की आमी भाकर टाकली. लोक दुपारी उतरले, भाकरीचा पार पापड! मी लय वरडले. तर ही हसती! "बरं झालं, कळलं तरी." पुढच्या रविवारी 'उतरतोय' असं बटण आलं. लोकांनी ते दाबलं आन् वरच फोटो काढत बसले. मग तिनं अर्ध्या वाटंवर पाटी लावली, हितं आल्यावरच दाबा. त्या दिवशी एक बी भाकर वाया गेली न्हाई. मी नाचायचीच बाकी.

आन् नंदाबाई म्हणली, "मी आता येणार न्हाई."

आता काय दुखतंय हिचं?

प्रेरणा तिच्याशेजारी टेकली. "मावशी, काय पाहिजे ते राहू द्या. काय नको झालंय?"

नंदाबाईनं फोनकडं बोट केलं. मग म्हणली, "पोरी, हे वाजतंच ऱ्हातं. ह्याला गप करायचं कुटं असतं?"

तसं बटण प्रेरणानं केलंच नव्हतं. आमच्या बी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी 'आता बास' असं बटण आलं, ते आमच्या हातात; दाबलं की नवं जेवाण सांगणं बंद. दुपारी नंदाबाईनं पिठाच्या बोटानं दाबलं. फोन गप झाला. तव्यावरची शेवटची भाकर टम्म फुगली, ती तिनं आपल्याच ताटात घेतली. एवढ्या वरसांत तिला गरम भाकर खाताना मी पयल्यांदा बघितलं.