खाली आलेली कुऱ्हाड

आमच्या ठाण्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. होते हवालदार, पण समोरचा कितीही तापलेला असो, हे आपले शाळेत शिकवल्यासारखे एकेक गोष्ट समजावत बसायचे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही गोळी झाडली नव्हती. "तोंडानं भागतंय तोवर हात कशाला घाण करायचे?" असं म्हणायचे. मी त्याच ठाण्यात जबाब लिहून घेतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्याच हातानं कागदावर उतरलं.

एका दुपारी लाकडाच्या वखारीतून फोन आला. कामावरून काढून टाकलेला एक कामगार कुऱ्हाड घेऊन कचेरीत शिरला होता आणि त्यानं तिथल्या टायपिस्ट बाईंना कोपऱ्यात अडवलं होतं. मास्तर निघाले. सोबत गाडीचा ड्रायव्हर, म्हणजे आमचा पैलवान. वय एकोणतीस, अंगानं दांडगा, मनानं अगदी मऊ. पिस्तूल फक्त मास्तरांकडे होतं.

मास्तर कचेरीच्या दारात उभं राहून वीस मिनिटं त्या माणसाशी बोलले.

"किती वर्षं काढलीस इथं?"

"एकोणीस."

"एकोणीस वर्षं लाकूड कापलंस, माणूस नाही कापलास. मग आजच काय झालं?"

तो माणूस हमसून रडायला लागला. कुऱ्हाड हळूहळू खाली आली, पातं फरशीला टेकलं. मास्तरांनी हात पुढे केला. "आण इकडे."

पैलवान तोवर इमारतीला वळसा घालून मागच्या दाराशी पोचला होता. आतलं त्याला दिसत नव्हतं. रडणं ऐकू आलं ते बाईंचंच, असं त्याला वाटलं. त्यानं खांद्यानं दार फोडलं आणि आत झेपावला. तो माणूस दचकून गर्रकन वळला, वळतानाच कुऱ्हाड उचलली गेली आणि पैलवानाच्या मानेवर बसली. मास्तरांचं पिस्तूल वर आलं होतं. पण त्या माणसाच्या पलीकडे, अगदी एका रेषेत, पैलवान आणि बाई. बोट चापावर तसंच राहिलं. पुढच्या क्षणी त्या माणसानं स्वतःच कुऱ्हाड टाकली आणि मटकन खाली बसला.

गाडी चालवणाराच पडलेला, म्हणून वखारीच्या ट्रकमधून दवाखान्यात नेताना पैलवान मास्तरांच्या मांडीवर गेला.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी घडलं तसं सांगितलं, मी लिहिलं. आठव्या दिवशी मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. फाइल घेऊन मी बाजूला उभा.

"मास्तर, पैलवानाची शिफारस शौर्यपदकासाठी करायची आहे. पण तुमच्या जबाबात कुऱ्हाड खाली आलेली आहे."

"आलीच होती, साहेब."

"मग पोरगा घुसला कशाला? शरण आलेल्या माणसावर झडप घातली म्हणजे चूक त्याची ठरते. पदक राहिलं बाजूला, स्वतःच्या चुकीनं मेला असा शेरा पडेल. त्याच्या बायकोची नोकरी, राहायचं क्वार्टर, सगळं त्या शेऱ्यावर अडलंय. सातवा महिना चालू आहे तिला."

मास्तर टोपीची कड चाचपत म्हणाले, "आणि कुऱ्हाड उगारलेली होती असं लिहिलं तर?"

"तर तो वाघ होता."

"मग पोरगा घुसायच्या आधीच मी गोळी का नाही झाडली, असं विचारतील."

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते विचारतीलच."

इकडे आड, तिकडे विहीर. बाहेर आल्यावर मास्तर मला म्हणाले, "लिही बाबा, उगारलेली होती." मी नवा कागद घेतला. जुना मीच फाडला.

"आणि त्या माणसाचं काय?" मी विचारलं.

"तो जिवंत तरी आहे," मास्तर म्हणाले. पण त्यांना माझ्याकडे बघवेना.

कोर्टात टायपिस्ट बाईंनी खरं ते सांगितलं. "कुऱ्हाड खाली होती. तो रडत होता." सरकारी वकील म्हणाले, बाई घाबरलेल्या होत्या, त्यांनी डोळे मिटले असतील. मग मास्तर उभे राहिले आणि त्यांनी शपथेवर उलटं सांगितलं. आरोपीच्या पिंजऱ्यातून तो माणूस, अजिबात न चिडता, म्हणाला, "हवालदारसाहेब, मी देत होतो ना हो तुमच्या हातात?" न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं. त्याला मरेपर्यंत तुरुंग झाला.

मास्तरांची खात्याची चौकशी झाली. बळाचा वापर करणं भाग असताना कचरले, असा ठपका आला. हवालदाराचे शिपाई झाले आणि जप्त केलेला माल ठेवायच्या खोलीत, मुद्देमालात, त्यांची बदली झाली. त्यांची मुलगी कॉलेजात होती. तिला मैत्रिणींनी काय ऐकवलं कोण जाणे, ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागली. बायकोलाही त्यांनी खरं सांगितलं नाही. "एकाला सांगितलं की दहांना कळतं," म्हणाले.

पदक मैदानावर दिलं गेलं. पैलवानाची बायको तान्ह्याला कडेवर घेऊन गेली आणि डबी घेऊन परतली. मास्तर मागच्या रांगेत होते. पैलवानाचा म्हातारा बाप शोधत शोधत त्यांच्यापाशी आला.

"पिस्तूल होतं ना तुमच्याकडे? मग काय शोभेला लावलं होतं?"

मास्तरांनी हात जोडले. म्हातारा थुंकला आणि निघून गेला.

पुढे ट्रेनिंगचे साहेब भरतीच्या पोरांना शिकवताना मास्तरांचं हे उदाहरण द्यायला लागले. "मास्तरगिरी करायची नाही. आधी चाप, मग गप्पा."

दीड वर्षानं, भर बाजारात, सकाळी अकराला, एका नव्या शिपायानं लोखंडी दांडा घेऊन धावत येणाऱ्या माणसाला दोनदा "टाक" म्हणून गोळी घातली. तो दुकानातला गडी होता. हातात शटर ओढायचा आकडा होता. शेजारचं शटर अडकलं म्हणून बोलावणं आलं होतं, ते उघडायला निघाला होता. ऐकायला कमी यायचं त्याला. शिपायाची पदकासाठी शिफारस गेली. ती मीच लिहिली, पैलवानाच्या कागदांवरून मजकूर उचलून.

आकडा मास्तरांच्या खोलीत जमा करायला मीच नेला. त्यांनी तो हातात घेऊन बघितला. "हा शटरचा आहे," म्हणाले.

"पंचनाम्यात हत्यार म्हटलंय."

त्यांनी आकडा टेबलावर ठेवला. मग चिठ्ठीवर नीट अक्षरात लिहिलं: हत्यार, लोखंडी, एक. ती दोऱ्यानं आकड्याला बांधली आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"आणणाऱ्याची सही इथं," म्हणाले.

मी केली.