मामंजी, कवळी आणि आखूड बॅरलं

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, पाणीपुरवठा खात्यात फिटर होते. जमिनीखालचा पाइप कुठे गळतोय ते त्यांना रस्त्यावर नुसतं उभं राहून कळायचं, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. मी त्यातलं निम्मं खरं धरते. पण घरात कुणी नळ अर्धवट बंद केला तर ते भरल्या ताटावरून उठायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रविवारी संध्याकाळी मात्र कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट आणि बगलेत क्लॅरिनेटची काळी पेटी. बागेतल्या बँडमध्ये त्यांची पहिली खुर्ची. सुरुवातीला सगळा बँड ज्या सुराला आपापली वाद्यं जुळवतो, तो सूर मामंजी द्यायचे. या मानाबद्दल ते बाहेर चकार शब्द काढत नसत. घरात दुसरा विषय नसे.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांचे वरचे दात गेले. "फोटोत नुसतं बोळकं दिसतंय," म्हणून सासूबाईंनी धोशा लावला आणि कवळी आली. मामंजी एकदम रुबाबदार दिसू लागले. आरशासमोर विनाकारण हसायचे.

मग गावात नवं सभागृह उभं राहिलं. उद्घाटनाला मामंजींनी पियानोच्या साथीने एकट्याने वाजवावं, असं बँडमास्तरांनी ठरवलं. पियानोवर मी, कारण मी शाळेत संगीत शिकवते. मामंजींनी जन्मभर बागेत वाजवलं. समोर आइस्क्रीम खाणारे लोक आणि सायकली. छताखाली, दिवे मंद करून, फक्त त्यांना ऐकायला माणसं बसणार, हे पहिल्यांदाच होणार होतं. त्यांनी नव्या बुटांची चौकशीसुद्धा सुरू केली.

घरी पहिल्याच सरावाला माझ्या कानाला काहीतरी खटकलं. मी तोंडावर बोलणारी. म्हटलं, "मामंजी, तुमचा सूर उतरतोय."

"माझा? तुझा पियानो चढलाय."

पियानो जुळवणारा माणूस आला, तासभर ठोकठाक करून पियानो ठणठणीत आहे असं सांगून गेला. मामंजी म्हणाले, त्याचे कान गेलेत. सासूबाई भाजी निवडत होत्या. "नाचता येईना, अंगण वाकडं," त्या म्हणाल्या.

मग बॅरलं येऊ लागली. क्लॅरिनेटच्या माउथपीसच्या, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाच्या, खाली बोटभर लांबीचा लाकडी तुकडा असतो, तो बॅरल. तो आखूड केला की सूर चढतो, लांब केला की उतरतो. मामंजींनी आखूड बॅरल मागवलं. मधले सूर चढले ते इतके की मांजर उठून गेलं; टिपेचे सूर होते तिथेच. आणखी आखूड आणलं. एक तर स्वतःच्या हाताने तासून काढलं. मग माउथपीस बदलले: एक अरुंद पोकळीचा, एक कुठल्याशा ओळखीच्या वादकाकडून उसना आणलेला. चमच्यांच्या खणात चमचे कमी आणि बॅरलं जास्त झाली. एक जागा नीट बसवली की दुसरी गळायची. सगळी हयात पाइपात गेलेला माणूस, तो नळीतच दोष शोधणार.

मला संशय कवळीचा. वरचे दात माउथपीसवर घट्ट टेकावे लागतात. कवळी हलायची, म्हणून ते नकळत तोंड सैल सोडत होते. हे मी एकदा धीर करून सांगितलं.

"असं?" मामंजी म्हणाले. "मग बँडमध्ये कसा सगळ्यांशी तंतोतंत जुळतो मी? तिथे काय कवळी काढून बसतो?"



याचं उत्तर सभागृहातल्या तालमीला मिळालं. उद्घाटनाला बँडही वाजवणार होता, तो जमला. मामंजींनी नेहमीसारखा सूर दिला, सगळे त्याला जुळले, छान गोल आवाज झाला. मग मी पियानोवर तोच सूर वाजवला, तर सगळा बँड त्याच्या चांगलाच खाली. मास्तर छताकडे पाहू लागले.

"बघ," मामंजी मला म्हणाले. "एवढी माणसं एका बाजूला, तुझे दोन्ही पियानो दुसऱ्या बाजूला." आणि साक्षीला म्हणून ते बँडकडे वळले, ते तसेच थांबले.

समोर भोंगाकाका होते. ते निवृत्त बसचालक, मामंजींचे लहानपणापासूनचे दोस्त, ट्रम्पेट वाजवतात. त्यांच्या ट्रम्पेटची जुळवायची नळी चांगली बोटभर बाहेर ओढलेली होती. मामंजी जवळ गेले. सांधा कुठे सुटलाय ते बघायची त्यांची जुनी नजर. ते रांगेतून हळूहळू चालत गेले. पोस्टातल्या बाईंच्या धातूच्या बासरीचं तोंडाकडचं टोक बाहेर ओढलेलं. बाकीच्या क्लॅरिनेटांच्या बॅरलखाली फट. प्रत्येक वाद्य सांध्यात उघडं, म्हणजे मुद्दाम उतरवलेलं, आणि वर बघायला कुणी तयार नाही.

"कधीपासून?" मामंजींनी विचारलं.

"तुझी कवळी आली तेव्हापासून," भोंगाकाका म्हणाले.

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"काय बोलणार? तुला एकट्याला खाली कसं ठेवायचं? मग आम्हीच आलो खाली."

मला त्या सगळ्यांचा संताप आला आणि एकेकाच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. मामंजींचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, आता पेटी मिटतील आणि घरी जातील. पण त्यांनी क्लॅरिनेट खुर्चीवर ठेवलं आणि भोंगाकाकांच्या ट्रम्पेटला हात घातला.

काकांनी नळी धरून ठेवली. "राहू दे रे. बागेत कुठे पियानो असतो? आम्हाला सवय झालीय आता."

"हात काढ."

नळी आत गेली. मग बासरी. मग एकेक बॅरल. नवा जोड बसवताना माणूस जसा अंगठ्याने चाचपतो, तसं चाचपून त्यांनी सगळे सांधे मिटवले. आपलं वाद्य तेवढं त्यांनी उचललं नाही.

"बाई, सूर तुम्ही द्या," ते पोस्टातल्या बाईंना म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पियानोवर बोट ठेवलं, त्यांनी सूर धरला. एकामागून एक सगळे त्यात आले. सभागृह भरून गेलं. मला पियानो वेगळा ऐकूच येईना.

मामंजी मधोमध उभे होते, हात रिकामे. 

"इतके चांगले आहात होय तुम्ही," ते म्हणाले.

मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवरच्या क्लॅरिनेटवालीला पियानोबरोबरचं वाजवायला सांगितलं, आणि आपलं क्लॅरिनेट आणि खुर्ची उचलून ते शेवटच्या रांगेत, जाड, खालच्या सुरांची वाद्यं वाजवणाऱ्यांत जाऊन बसले.