मले दिसलं नाही

कबड्डीच्या मैदानावर चारी बाजूंनी माणसं ओरडत असताना, शिट्टी तोंडातून काढून "मले दिसलं नाही" असं खणखणीत सांगणारा पंच मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शिट्टीवाले चाचा. न दिसताही ठामपणे बोट दाखवून मोकळे होणारे पंच पुष्कळ होते, अजूनही आहेत. चाचा मात्र खेळ थांबवत आणि खरं बोलल्याने ज्याचं नुकसान होणार, नेमकं त्याच खेळाडूला विचारत, "बेटा, तूच सांग." जे उत्तर येईल तो निकाल. हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. तरी बाभुळगावकडे सामने असले की थेट झरी जामणीहून येणारे संघही आधी चौकशी करत, "पंच चाचाच हायेत ना?"

पोटापाण्याला ते पिंजारी. बाजाररस्त्यावरच्या दुकानात कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. मैदानावर आले तरी भुवयांत कापूस अडकलेला असायचा. एकदा एका लॉजवाल्याने भलीमोठी ऑर्डर आणली. अट एकच, आत जुना कापूस आणि वर नव्याचा थर. चाचा म्हणाले, "वरून दिसत नाही म्हनून आत काहीबी भरू काय? झोपनाऱ्याच्या पाठीले समजते ना बाप्पा." ऑर्डर गेली. चाचींनी अबोला धरला. आणि हा किस्सा चाचा स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, जणू आपलीच फजिती सांगावी तसा हसत हसत.

निःपक्षपातीपणाचं तर त्यांना वेडच होतं म्हणा ना. सामन्याआधी एका संघाकडे चहा घेतला की दुसऱ्याकडेही घ्यायचाच. एकीकडे साखर जास्त पडली असेल, तर दुसरीकडेही चमचाभर मागून घ्यायची. चाची कपाळाला हात लावत. "इन्साफ करता करता शुगर वाढवून घेतली यायनं," म्हणत.

आम्ही तांड्यावरच्या पोरी त्यांना छेडायचो. "चाचा, कोनी खोटं सांगतलं तं?"

"तं ते ओझं त्याचं," चाचा म्हणत. "पन मी विचारलंच नाही, तं खरं बोलाचा मोका त्याले भेटन कुठून?"

आम्ही तोंडावर ओढणी धरून हसायचो. तो मोका एक दिवस माझ्याच गळ्यात पडेल, असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

आमच्या बंजारा तांड्यातून मुलींचा संघ निघणं हीच मोठी नवलाई होती. तो फायनलला पोचला तेव्हा मी बारावीत होते. वडिलांनी, म्हणजे आमच्या बांनी, आधीच बजावून ठेवलं होतं, जिंकलीस तर पुढे खेळ, हरलीस तर खेळ बंद आणि लग्नाचं पाहायचं. शेवटच्या चढाईला दोन्हीकडचे गुण सारखे होते. समोरून आलेल्या उंच पोरीचा घोटा मी पकडला, माझ्यावर आमच्या बाकीच्या पोरी पडल्या, आणि त्या ढिगाखालून ती पोरगी मधल्या रेषेकडे हात ताणत राहिली. तिचा हात रेषेला लागला असेल तर त्या जिंकल्या. नसेल तर आम्ही. धूळ इतकी उडाली होती, की तिची बोटं फक्त मला दिसली.

दोन्ही संघ घसा फोडून भांडायला लागले. चाचांनी शिट्टी काढली. "मले दिसलं नाही." आणि ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बेटा, तूच सांग. रेषेले हात लागला का?"

दोरीपलीकडे बा उभे होते. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. चाचांच्या डोळ्यांत धाकही नव्हता आणि विनवणीही नव्हती. मी जे म्हणेन ते चाचा खरं मानणार होते, आणि तेच फार जड गेलं.

"लागला, चाचा."

शिट्टी वाजली. आम्ही हरलो. मी तिथेच मातीत बसून रडले, आणि त्या क्षणी मला चाचांचा भयंकर राग आला होता.

परतताना मी बांच्या मोटरसायकलवर मागे बसले होते. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर माणसं निकालाची वाट पाहत बसली होती. बांनी गाडी बंद केली. "हारलो," ते म्हणाले. "पंचाले दिसलं नोतं. माह्या पोरीनं सांगतलं म्हनून हारलो." पुढे कितीतरी दिवस हे ते जो भेटेल त्याला इतक्या ताठ मानेने सांगत सुटले, की माझा खेळ बंद करणं त्यांचं त्यांनाच जमेना. लग्नाचा विषय निघाला की म्हणायचे, "पुढची फायनल होऊ द्या, मंग पाहू."

आता मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि शिट्टी माझ्या गळ्यात असते. चाचा गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. यवतमाळला मुलींचा सामना होता आणि मी पंच. त्यांना मी मुद्दाम ऑटोत बसवून आणलं होतं. नजर जवळजवळ गेलीच होती. दोरीलगत खुर्ची टाकून ते नुसत्या कानांनी सामना ऐकत होते. तशीच झटापट झाली, तशीच रेषा, आणि मधे पोरींचा तसाच ढीग. दोन्हीकडची पोरं मोबाइल घेऊन धावली. ज्याच्या त्याच्या व्हिडिओत ज्याला त्याला हवं तेवढंच दिसत होतं. मी सगळ्यांना मागे सारलं, शिट्टी काढली आणि ते वाक्य पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. मग पकड करणाऱ्या पोरीला विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "नाही लागला, मॅडम."

मी ते मानलं आणि तिच्या संघाला गुण दिला. पुढच्या चढाईसाठी हात वर करते, तर ती पोरगी जागेवरून निघालेली. कुणाकडेही न बघता ती चालत गेली आणि बाद झालेल्या मुली बसतात तिथे जाऊन बसली. अख्खं मैदान गप्प झालं.

"बेटा, आवाज काहून बंद झाला?" चाचा खुर्चीतून विचारू लागले. मी त्यांच्याजवळ गेले. "ते पोरगी खोटं बोलली होती, चाचा. आता सोताच बाहेर जाऊन बसली."

चाचांनी चेहरा मैदानाकडे वळवला. पांढऱ्या भुवया वर चढल्या आणि ते तोंडभर हसले.

"हे दिसलं मले," ते म्हणाले.