खोडायचं नाही, खाली लिहायचं

विषय : गावातील बंद गोदामाच्या भिंतीवरील काळा फळा कायम ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) सदर भिंत पंधरा दिवसांत पांढरी करणेबाबतची नोटीस. २) सदर नोटिशीस अनुसरून केलेला आमचा अर्ज.

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, एवढं लिहिलं की माझा हात आपोआप पुढं चालू लागतो. एकतीस वर्षं बारनिशीच्या टेबलावर काढली. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा, मधल्या काळात त्याचं काय झालं ते विचारायचं नाही. निवृत्तीनंतर उलटंच झालं. कागद कमी पडू लागले आणि किस्से साठत गेले. कागद गहाळ होतो. किस्सा होत नाही, प्रत्येक वेळी सांगताना त्याला दोन ओळी जास्त फुटतात. अर्जाला सहपत्र म्हणून किस्से जोडता येत नाहीत, म्हणून ते इथं जोडतो.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. सोमवारचा बाजार भरतो त्या मैदानाच्या कडेला एक सरकारी गोदाम आहे. आत काही नाही. बाहेर लांब पडवी आहे आणि पडवीतली भिंत हाच आमचा फळा. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला आम्ही इथं बोलावतो आणि धर्म, जात, शिवाशिव, बोलण्याचं स्वातंत्र्य यांवर त्याचं स्वतःचं मत विचारतो. उत्तर फळ्यावर जातं. पुढची निवडणूक जवळ आली आहे. अर्ज नामंजूर झाला तर भिंतीला चुना लागेल, आणि गावाला विचारायला जागा उरणार नाही.

'आम्ही' म्हणजे चौघं. गुणवंतराव कापूस आणि तुरीचे मोठे शेतकरी, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नाहीत. सलीमभाई मोटारपंपाचं वाइंडिंग करतात. मडावी बाई जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झाल्या, पण ते त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. चौथा मी, सगळे मला 'बाबू' म्हणतात. चौघांचं कोणत्याही पुढाऱ्याबद्दल एकमत नाही. फळा टिकला तो बहुधा त्यामुळेच.

*

सुरुवात रागातून झाली. एका सभेत एक पुढारी एका समाजाबद्दल बोलू नये ते बोलले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मी तसं बोललोच नाही. गुणवंतराव त्यांचे जुने मतदार. कोणत्या समाजाबद्दल काय बोलले याचं त्यांना फार वाटलं नव्हतं. त्यांना वेगळंच लागलं. "मी पयल्या लाईनीत बसलो होतो. हा मले खोटं पाडून राह्यला?"

मडावी बाईंकडे शाळेच्या फळ्याचा उरलेला काळा रंग होता. तीन फूट भिंत काळी झाली. पुढाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं गेलं आणि खाली, 'हे बोलले गेले आहे. नाकारायचे असल्यास खाली लिहावे.'

दोन दिवसांनी पुढाऱ्याचा एक कार्यकर्ता बादली घेऊन आला. गुणवंतरावांनी त्याच्या हातातली बादली घेऊन बाजूला ठेवली आणि हातात खडू दिला. पुसायचं नाही, खाली लिहायचं, हा नियम तिथं तयार झाला. कार्यकर्त्यानं बराच विचार केला आणि लिहिलं, 'साहेब बाहेरगावी आहेत.'

साहेब आठ महिने भिंतीवर बाहेरगावी होते. त्या काळात त्यांनी गावात चार उद्घाटनं केली.

*

दुसरा नियम एका उमेदवारामुळं आला. तो आमच्यापेक्षा हुशार होता. गुणवंतरावांनी त्याला विचारलं, तुमच्या घरात परजातीचा, परधर्माचा माणूस कुठपर्यंत येऊ शकतो? उमेदवार हसून म्हणाला, "आधी तुमचं सांगा, मंग मी सांगतो."

बाजार चालू होता, भोवती चाळीसेक माणसं उभी. शेजारी सलीमभाई होते, ज्यांच्याशी त्यांची तीस वर्षांची मैत्री. गुणवंतरावांनी खडू घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'ओसरीपर्यंत.' खाली सही केली. सलीमभाईंना त्यात नवीन काही नव्हतं. ओसरीवर चहा प्यायलेला माणूस ते आधीच जाणून असतो.

उमेदवारानंही मग 'ओसरीपर्यंत' असंच लिहिलं. तेव्हापासून नियम झाला, की विचारणाऱ्यानं आधी स्वतःचं उत्तर द्यायचं, मग समोरच्याचं घ्यायचं.

पुढच्या सोमवारी गुणवंतरावांच्या सौभाग्यवती सुशीलाबाई भाजी घ्यायला आल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी नवऱ्याचं उत्तर वाचलं, मडावी बाईंकडून खडू मागून घेतला आणि खाली लिहिलं, 'सलीमभाईची बायको बारा वर्षांपासून माह्या सैपाकघरात येते. यायले माहीत नाही.'

मग भाजी घ्यायला गेल्या.

*

मडावी बाई प्रश्न विचारतात तेव्हा मोठमोठे नेते नकळत हात मागं बांधतात. एका मोठ्या नेत्याला त्यांनी विचारलं, तुम्ही आपल्या जातीबाहेरच्या कोणाच्या मयतीला गेलात का? नियमाप्रमाणं आधी स्वतःची तीन नावं सांगितली. नेते म्हणाले, मी सगळ्यांच्याच जातो.

बाई म्हणाल्या, "सगळ्यांचं लिहायले जागा नाही. एक सांगा."

नेत्यांना एक नाव आठवेना. त्यांनी स्वीय सहायकाकडं पाहिलं, सहायकानं मोबाइलकडं पाहिलं. तेवढ्यात गर्दीतून त्यांचा ड्रायव्हर मदतीला आला. "साहेब, माह्या बापाच्या मयतीले आलते न तुमी." नेत्यांचा चेहरा खुलला. ड्रायव्हर प्रामाणिक माणूस, त्यानं वाक्य पूर्ण केलं. "गाडीतून उतरले नाही, पण आलते."

बाईंनी लिहिलं, 'आले होते. उतरले नाहीत.' आणि खडू सहीसाठी पुढं केला. आम्हाला वाटलं, आता हे उठून जातील. नेत्यांनी वाक्य दोनदा वाचलं आणि सही केली. जाताना ड्रायव्हरच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले. तो ड्रायव्हर अजून त्यांच्याकडंच आहे.

मी त्या वर्षी त्यांना मत दिलं ते त्या सहीसाठी. दुसरं काही कारण मला शोधूनही सापडलं नाही.

*

माझी पाळी आली तेव्हा मी शहाणपणा केला. वाचन बऱ्यापैकी आहे, प्रश्न वजनदार असावा असं वाटलं. पंचायत समितीच्या एका उमेदवाराला विचारलं, तुमच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं तर तुम्ही काय कराल? प्रश्न तोंडातून बाहेर पडल्यावर नियम आठवला.

माझ्या मुलीनं केलं होतं. मी लिहिलं, 'आठ महिने तिच्याशी बोललो नाही.' ते लिहिताना खडू दोनदा तुटला. खडूचा दर्जा हल्ली चांगला नसतो.

उमेदवारानं खडू हातात घेतला. त्याच्यासोबत आलेली चार माणसं त्याला काय उत्तर द्यायचं ते हळूच सांगत होती. मतं मिळतील असं उत्तर तर सोपंच होतं. त्यानं लिहिलं, 'माझीनं केलं आहे. मी अजून बोलत नाही.' सही केली आणि निघून गेला. तो निवडणूक हरला.

दीड महिन्यानं एका सोमवारी तो पुन्हा आला. तेव्हा निवडणूक नव्हती, त्याला कोणी बोलावलंही नव्हतं. स्वतःच्या ओळीखाली त्यानं लिहिलं, 'परवा फोन केला.'

फोनवर काय बोलणं झालं ते फळ्यावर नाही. तो प्रश्न विचारलेला नव्हता.

*

सलीमभाईंचा किस्सा सांगताना मी थोडा पक्षपाती होतो, हे आधीच नोंदवून ठेवतो.

एका सोमवारी त्यांनी एका नेत्याला देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यांबद्दल विचारलं. आधी स्वतःचं उत्तर दिलं, की आमच्या मशिदीचा आवाज कमी करावा असं मी मोहल्ल्यात बोललो आणि चार लोकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. नेत्यानंही काही गुळमुळीत उत्तर लिहिलं. मंगळवारी सकाळी त्याखाली एका शेतकऱ्याची ओळ होती, खाली सहीसकट : 'सलीमने हे प्रश्न विचारू नयेत. त्याने मोटारी दुरुस्त कराव्यात.'

ती वाचून गुणवंतराव ओलं फडकं घेऊन निघाले. फळ्याचा पहिला नियम त्यांनीच केलेला, पण मित्राची गोष्ट आली की नियम थोडा सैल होतो. सलीमभाईंनी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं, स्वतःचे ग्रीसचे हात त्याला पुसले आणि म्हणाले, "गुणवंत भाऊ, माह्यासाठीच नियम मोडता काय? मंग तो मानूस बरोबर बोलला असं होईन." आणि ओळीखाली लिहिलं, 'मोटार घेऊन या. करून देतो.'

हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत त्या शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळाली. जवळ दुसरा वाइंडिंगवाला नाही. मोटार घेऊन तो सलीमभाईंच्या दुकानात आला, दोन तास बाकावर बसला. दोघांत हवापाण्याशिवाय काही बोलणं झालं नाही. मोटार झाली, हरभऱ्याला पाणी मिळालं.

पुढच्या सोमवारी फळ्यावर नवी ओळ होती : 'मोटार चांगली चालते. मत कायम आहे.'

सलीमभाईंनी ती ओळ बाजारातल्या प्रत्येक माणसाला हाताला धरून आणून दाखवली. "हे पाहा," म्हणायचे, "मानूस असा पाह्यजे."

*

आता अर्जाचं.

गावात सदाशिवराव आहेत. एका पुढाऱ्याचे जुने, निष्ठावान कार्यकर्ते. अक्षर मोत्यासारखं. त्यांचं प्रामाणिक मत असं, की नेत्याला त्याच्या धर्माबद्दल भर बाजारात प्रश्न विचारणं हा नेत्याचाही अपमान आणि धर्माचाही. त्यांनी फळ्याविरुद्ध दोन पानी तक्रार केली. कोणत्या कार्यालयात, ते लिहीत नाही. तिथं मी नोकरी केलेली नाही, एवढं सांगून ठेवतो.

आम्हाला कळल्यावर सलीमभाई त्यांच्या घरी गेले. म्हणाले, आमच्याविरुद्धची तक्रार आम्हालाच वाचायला मिळाली नाही, ती फळ्यावर लिहाल का? सदाशिवरावांना वाटलं ही थट्टा आहे. मग वाटलं, भिणार आहे का मी? दुसऱ्या दिवशी तक्रारीची नक्कल घेऊन आले.

जागा पुरेना. जागा संपली की फळा पुढं वाढवायचा, ही आमची पद्धत. गुणवंतरावांनी सहा फूट भिंत कोपऱ्यापर्यंत काळी करून दिली, सदाशिवरावांसाठी स्टूल आणलं. दोन सकाळी बसून त्यांनी अख्खी तक्रार लिहिली. 'समाजस्वास्थ्यास बाधक' हे शब्द तर इतके सुरेख काढले, की मडावी बाईंनी शाळेतल्या मुलांना अक्षर दाखवायला आणलं. लोक तक्रार वाचायला येऊ लागले. काहींना ती पटली आणि तसं त्यांनी खाली लिहिलं. सदाशिवराव रोज संध्याकाळी तिकडून चक्कर मारू लागले.

पुढच्या महिन्यात नोटीस आली. तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली होती. संपूर्ण भिंत, 'नव्याने काळ्या केलेल्या सहा फूट भागासह', पंधरा दिवसांत पांढरी करावी.

मी अर्ज लिहायला बसलो तेव्हा सदाशिवराव पडवीत आले. नोटीस मागून घेतली, सावकाश वाचली.

"माही तक्रार बी पुसतीन काय?"

"तिथूनच सुरू करतीन," सलीमभाई म्हणाले. "कोपऱ्यावर हाये न."

सदाशिवरावांनी अर्ज माझ्या हातातून घेतला. आम्हा चौघांच्या सह्यांखाली पाचवी सही केली आणि त्या मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ घातली : 'माझी तक्रार फळ्याविरुद्ध असून ती फळ्यावर आहे. ती पुसण्यास माझी सक्त हरकत आहे.'

अर्ज द्यायला पाचहीजण गेलो. टेबलावरच्या बाबूनं तक्रारीची फाइल काढली, अर्ज शेजारी ठेवला, दोन्हीकडचं नाव पाहिलं.

"तुम्ही तक्रारदार का अर्जदार?"

"दोन्ही," सदाशिवराव म्हणाले.

"रकाना एकच हाये. कोन्तं तरी एक सांगा."

"दोन्ही खरं हाये, तं एक काहून सांगू?"

बाबूनं माझ्याकडं पाहिलं, जसं एका डॉक्टरनं दुसऱ्याकडं पाहावं. त्यानं दोन्ही कागद एकत्र टाचले आणि वरिष्ठ कार्यालयाचं मार्गदर्शन मागवलं. मार्गदर्शन येईपर्यंत भिंत आहे तशी ठेवावी, असा शेरा आहे.

सदाशिवरावांनी तक्रार मागं घेतलेली नाही. अर्जावरची सहीही मागं घेतलेली नाही. दर सोमवारी बाजाराआधी मी जाऊन चौकशी करतो. आजही जाऊन आलो. अर्ज प्रलंबित आहे.