गेटवरचे बूट

आमच्या लोणच्याचे खोके लाकडी पॅलेटवर पट्ट्यांनी बांधून ऑनलाइन कंपनीच्या गोदामात पोचवायला मी टेम्पोसोबत गेले होते. सेफ्टी बुटांशिवाय ड्रायव्हरला आत सोडत नाहीत, आणि गेटवर सगळ्या ड्रायव्हरांसाठी बुटांचा एकच जोड! आधीच्याने नुकतेच काढलेले ते ओलसर बूट आमच्या ड्रायव्हरने, बबनरावांनी, पायात चढवले. टाचा आत जाईनात.

"अहो, यांच्या मापाचे द्या की!" मी भडकले.

"बूट घातलेत ना, मॅडम? मग झालं," वॉचमन म्हणाला.

पायांची काळजी म्हणे! हे बूट नक्की कुणाला सांभाळतात? बबनराव पाय फरफटत आत गेले, मागोमाग मी. तिथल्या साहेबांनी पॅलेटवरून हळुवार हात फिरवला.

"किती घट्ट आवळलंय हो! खोके दबलेत," ते कळवळले.

मी बबनरावांच्या बाहेर राहिलेल्या टाचांकडे बोट दाखवलं. साहेबांनी खाली पाहिलं.

"घातलेत की बूट," ते म्हणाले.