मे महिन्यातलं रक्त

रक्तपेढीत नोकरी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. रक्त कमी पडतं, किस्से कधीच पडत नाहीत! आमच्या अकोल्याच्या पेढीत तर मे महिन्यात फ्रिज रिकामा आणि किस्से ओसंडून वाहत असतात. तरी हसताना जीव टांगणीला असतो, तो बाळापूरच्या तनूसारख्या पोरांमुळे. सात वर्षांच्या तनूला थॅलेसेमिया आहे. अंगात रक्त नीट तयारच होत नाही, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरचं चढवावं लागतं. ती आली आणि पिशवी नाही असं होऊ नये, एवढ्यासाठी मी शिबिरं भरवत फिरते.

* * *

जुलैत एका पुढाऱ्याचा वाढदिवस असतो. त्या दिवशी रक्तदानाला ही गर्दी! पण रक्त म्हणजे काही लोणचं नव्हे, महिना-सव्वा महिन्यात ते वाया जातं. मी त्यांच्या कार्यकर्त्याला म्हटलं, "दादा, हेच शिबिर मेमध्ये घ्या ना. तेव्हा थेंब मिळत नाही."

तो गंभीर झाला. "मॅडम, तुमचं म्हननं पटते. पन साहेब जुलैतच जन्मले, आता त्याले आमी काय करावं?"

मेमध्ये जन्मलेला पुढारी मी अजून शोधते आहे.

* * *

दर्यापूरच्या शिबिरात एक मिशीवाले पाटील बायकोला घेऊन आले. "हिचं नका काढू, ते नाजूक हाय. माहं काढा, दोन बाटल्या!"

तपासलं तर पाटलांचं हिमोग्लोबिन कमी, बाईंचं ठणठणीत. बाईंनी मुकाट्याने रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली. पाटील कोपऱ्यात रुसून बसले. निघताना मात्र आमच्या टेक्निशियनला, वानखडे भाऊंना, हळूच म्हणाले, "भाऊ, तेवढी पट्टी माह्या हाताले लावून द्या न. बाहेर जीपवाला गावचाच हाय."

वानखडेंनी लावून दिली. बाई पदराखाली हात झाकून मागोमाग गेल्या.

* * *

हे वानखडे तोंडाचे फटकळ. पेशंटच्या एका शिकल्यासवरल्या नातेवाइकाने पिशवीकडे बघत कुजबुजत विचारलं, "हे रक्त... म्हणजे आपल्यातल्याच कोणाचं आहे ना?"

"ओ पॉझिटिव्हवाल्याचं हाय," वानखडे म्हणाले. "त्यांच्यात आडनाव नसते."

गृहस्थ खजील झाले असतील असं वाटतंय तुम्हाला? छे! म्हणाले, "बरं, मग निदान शाकाहारी?"

* * *

एका बाळंतिणीला रक्त हवं होतं. तिचा दीर चांगला धिप्पाड. पण सासू आडवी आली. "याचं नका काढू, याचं लगन व्हायचं हाय." नवरा पुढे झाला. "याचंबी नको, हा आता बाप झाला!"

मी वैतागले. "आजी, मग माणसानं रक्त द्यावं तरी कधी?"

"अमरावतीतून आना न, तिथं लय असते म्हनते."

शेवटी बाळंतिणीच्या बापाने दिलं. पण आजीचा सल्ला मनावर घेऊन मी अमरावतीच्या पेढीला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "अगं, मी आत्ता तुलाच लावत होते!"

* * *

आता हा मेमधला किस्सा. तनू आली तेव्हा तिच्या गटाची एकही पिशवी नव्हती. फोन लावावा तो दाता लग्नात! अखेर एक जण आला. व्यायामशाळेत घडवलेला गडी, दंड तनूच्या कमरेएवढा. ऐटीत आडवा झाला. वानखडेंनी नुसती सुई बाहेर काढली आणि गड्याने डोळे फिरवले!

आम्ही त्याचे पाय वर केले, तोंडावर पाणी मारलं. मला रडू फुटायचंच बाकी होतं. आता दुसरा आणायचा कुठून? तनू दारात स्टुलावर बसून सगळं बघत होती. ओठ पांढरे पडलेले, मान भिंतीला टेकवलेली. ती उठली, भिंतीचा आधार घेत ग्लास घेऊन त्याच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

गड्याने डोळे उघडले. "झालं काय, बेटा?"

"अजून सुरूच नाही झालं, काका," तनू म्हणाली. "तुमी आरामानं पानी प्या. मले काई घाई नाही."