बाळंतिणीचा कोळसा

तिसगावचा बाजार मागं टाकून दोघी अर्ध्या वाटेवर आल्या होत्या. लंकाबाईच्या डोक्यावर कोळशाचं पोतं, सकाळी नेलं तसंच भरलेलं. प्रार्थनाच्या हातात भाजीची पिशवी. वस्तीची जीप आज आलीच नाही, नाहीतर लंकाबाईबरोबर चालायची वेळ तिनं दोन वर्षं टाळली, तशी आजही टाळली असती.

“मावशी, द्या इकडं, थोडं मी घेते.”

“ऱ्हाऊ द्या, बाई. काळं तोंड घेऊन गेलात तर अंगणवाडीतली पोरं भ्यायची.” लंकाबाई स्वतःच हसली.

प्रार्थनाला हसता आलं नाही.

लंकाबाईचं आयुष्य धुरात गेलं. ऊसतोडीत कंबर धरली तेव्हा नवऱ्यानं, गहिनीनाथनं, तिला कोळसा पाडायला शिकवलं. बांधावरची बाभळीची लाकडं रचायची, वर पाचोळा आणि माती थापायची, आत विस्तव सोडून आठ दिवस राखण करायची. धूर पांढरा तोवर आत ओल. निळसर झाला की हवेसाठी ठेवलेली भोकं बुजवायची. गहिनीनाथ गेल्यावरही तिनं भट्टी कधी घाईनं उघडली नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटायची, खणखणले तरच पोत्यात. इस्त्रीवाल्याला मोठे, कणसं भाजणाऱ्याला हलके सुबाभळीचे, आणि बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीला गावठी बाभळीचे, आवळ्याएवढे, एकेक हातानं निवडलेले. पोतं टाकताना न चुकता सांगायची, “शेगडी भाईर पेटवा. धूर सरू द्या, राखेची साय धरू द्या, मगच आत न्या. आन खिडकी उघडी ऱ्हाऊ द्या.”

दोन वर्षांपूर्वी प्रार्थनाची भावजय जेनिफर बाळंत झाली. थंडी कडाक्याची. प्रार्थनाचं माहेर वस्तीवरच, म्हणून शेकाचं काम तिच्याकडं आलं. लंकाबाईचा कोळसा दर तासा-दोन तासांनी घालावा लागायचा. उठून उठून ती कंटाळली. एका वीटभट्टीवरून तिनं दगडी कोळसा आणला, मुठीएवढी ढेकळं. एकदा पेटली की पहाटेपर्यंत धग. वारं येतं म्हणून खिडकीही लावली. पहाटे जेनिफर शुद्धीवर नव्हती, बाळ मलूल पडलं होतं. नगरच्या दवाखान्यात दोघं वाचली, देवाची कृपा. घरी परतल्यावर भाऊ जस्टिन म्हणाला, “त्या लंकाबाईनं कच्चा कोळसा दिला.” प्रार्थना तिथंच उभी होती. ती होय म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तेवढं पुरलं. तेव्हापासून एकाही बाळंतिणीच्या घरून लंकाबाईला बोलावणं आलं नाही, बाजारातही तिचं पोतं कुणी घेईना.

ओढ्यापाशी पोतं उतरवून लंकाबाई टेकली.

“जेनिफरला दुसरी पोरगी झाली म्हनं?”

“हो, आठ दिवस झाले.”

“आन शेक?”

“कुणी धजत नाही. गरम पाण्याच्या पिशव्या ठेवतो.”

“बरं.”

प्रार्थना उभीच राहिली. रोज गुडघे टेकून ती देवाला हेच सांगायची. माणसापुढं मात्र जीभ उचलत नव्हती.

“मावशी, त्या वेळचा कोळसा…”

“दगडी हुता,” लंकाबाई म्हणाली. “मला ठावं हाय. दुसऱ्या दिशी तुमच्या उकिरड्यावर राख बघितली. बाभळीची राख पिठावानी पांढरी असती. ती तांबूस हुती, खडेच खडे.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“कोन ऐकनार? कोळसेवाली आपला कोळसा चांगलाच म्हननार. वाटलं, शिकलेली बाई हाय, देवाधर्माची हाय, सांगंल आज ना उद्या.”

प्रार्थनाचे डोळे भरून आले. “रोज देवापाशी कबूल करते, मावशी. मला माफ करा.”

“देवाला काय सांगायचं? त्यो तर बघतच हुता.”

लंकाबाईनं पदरानं मान पुसली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती तिला अगं-तुगं करून बोलली. “ऐक पोरी. माफी मागून माझं पोतं खपत न्हाई. येत्या रविवारी चर्च सुटलं की बाया दारात बोलत थांबत्यात. तुझी आई असती, जस्टिन असतो. तितं सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी फाटकाभाईर उभी ऱ्हाते, आत येत न्हाई. पर माज्या देखत सांग. एवढं कर.”